सोलापूरहून मालवण: पॅडलबोर्डवर उभं राहून पद्मगडाला (पहिलाच अनुभव, पोहता जेमतेम येतं)

ओलीपावलं (धागा सुरू)

नमस्कार मंडळी. माझं वय ४७. सोलापुरात वाढले आणि संसारही इथेच केला. नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येणाऱ्या शहरात पाणी म्हणजे भरून ठेवायची गोष्ट. हंडे, बॅरल, गच्चीवरची टाकी. पाण्यावर उभं राहायचंही असतं, हे कधी मनात आलं नव्हतं. गेल्या महिन्यात मालवणच्या दांडी किनाऱ्यावरून पॅडलबोर्डवर वल्हवत पद्मगडाच्या बेटापर्यंत जाऊन परत आले. आपल्याकडच्या कोरड्या भागातून जाणाऱ्यांना उपयोगी पडेल असं मराठीत फारसं काही सापडलं नव्हतं, म्हणून सविस्तर लिहिते.

ज्यांनी हा प्रकार पाहिला नाही त्यांच्यासाठी: साडेदहा फूट लांब आणि साधारण ३२ इंच रुंद असा हवा भरलेला बोर्ड असतो. पंपाने हवा भरली की दारासारखा टणक होतो. त्यावर उभं राहायचं आणि उंच दांड्याच्या एकाच वल्ह्याने कधी डावीकडून, कधी उजवीकडून पाणी मागे लोटायचं. इंजिन नाही, आवाज नाही. लाटांवर स्वार व्हायचा खेळ वेगळा. हे शांत पाण्यावरचं चालणं आहे.

आम्ही तिघी होतो: मी, माझी धाकटी नणंद (वय ४१, पोहता अजिबात येत नाही) आणि माझी भाची (वय १९, विहिरीत मुटके मारत वाढलेली). सासरचं घर तेलुगू बोलणारं, पद्मशाली. निघताना सासूबाई दारातून "जाग्रत्त, जाग्रत्त" म्हणत राहिल्या. म्हणजे जपून. मंगळवेढा, सांगोला, मिरज करत कोल्हापूरला पोचलो. हा रस्ता आता चांगला आहे. पुढे राधानगरी, फोंडाघाट, कणकवली, कसाल, मालवण. एकूण चारशेच्या आसपास किलोमीटर. शिवाय घाट, त्यामुळे अख्खा दिवस धरून चाला. आम्ही पहाटे ४ ला निघालो, कारण त्याच संध्याकाळी ४ ला बोर्डवर जायचं ठरलं होतं.

आणि तिथेच पहिला धडा मिळाला. दुपारी साडेतीनला किनाऱ्यावर हजर झालो तर आम्हाला नेणारा दादा समुद्राकडे बघत उभा. बोर्ड गाडीतून उतरवलेलेसुद्धा नव्हते. म्हणाला, "आज जावचा नाय. वारो वाढलो."

मला समुद्र शांतच वाटत होता. मोठ्या लाटा नव्हत्या, ऊन छान होतं, बाकीचे लोक पाण्यात खेळत होते. आम्ही बारा तास प्रवास करून आलो होतो. भाची जवळजवळ रडायला आली. मी आर्जव केलं, फक्त काठाकाठाने तरी न्या म्हटलं. तो ऐकेना. त्याने दूरवर पाण्यावर उठणारे पांढरे ठिपके दाखवले. लाटांचे माथे फुटून फेस दिसायला लागला की शिकाऊ माणसाला पाण्यावर घ्यायचं नाही, हा त्याचा नियम. माणूस उभा राहिला की त्याचं शीड होतं, वारा त्याला ढकलतो, आणि नवखा माणूस तोल सांभाळेल की वल्हवेल? पैसे परत हवे असतील तर लगेच देतो म्हणाला, नाहीतर उद्या सकाळी ७ ला या.

त्या संध्याकाळी मी फार चिडले होते. आज हा धागा काढते आहे तो मुख्यतः त्या नकारासाठी. नवख्या माणसाने माहितगार निवडताना बोर्ड किती नवे आहेत, फोटो किती छान काढतात, हे बघू नये. तो कधी "नाही" म्हणतो ते विचारावं. फोन करतानाच विचारा, "कुठल्या परिस्थितीत तुम्ही रद्द करता?" उत्तर गोलगोल आलं तर दुसरा बघा.

शाळेत भूगोलात खारे वारे आणि मतलई वारे शिकलो होतो ना, तेच इथे जिवंत भेटतात. दिवसा जमीन तापते, तिच्यावरची हवा वर जाते, समुद्रावरून खारा वारा आत येतो आणि दुपारी जोर धरतो. रात्री उलटं, जमिनीवरून मतलई वारा समुद्राकडे जातो, सकाळी ऊन चढू लागलं की मंदावतो. या दोघांच्या मधली सकाळची वेळ सगळ्यात शांत. पण सकाळी लवकर जो काही थोडा वारा असतो तो आपल्याला किनाऱ्यापासून लांब, समुद्रात लोटणारा असतो. तो पाठीवर लागतो, म्हणून जाणवत नाही. जाताना वाटतं, वा, किती सहज चाललोय! परतताना कळतं. म्हणून दादा जाताना दर थोड्या वेळाने आम्हाला वळून किनाऱ्याकडे दोन-चार वल्ही मारायला लावत होता. परतायला किती जोर लागेल ते आधीच तपासायचं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ७. पाणी परातीतल्यासारखं. पाऊण तास नुसतं वाळूवर आणि गुडघाभर पाण्यात शिकवलं. हात सरळ वर केला की मनगटाला लागेल एवढं वल्हं लांब हवं. पात्याला दांड्याशी थोडा कोन असतो, तो पुढे, बोर्डच्या टोकाकडे झुकलेला ठेवायचा. आपण सगळे सहज उलटं धरतो, कारण चमचा आपल्याकडे वळवायची सवय. एक हात दांड्याच्या वरच्या मुठीवर, दुसरा मध्ये. बाजू बदलली की हातही बदलायचे. आधी गुडघ्यांवर बसून वल्हवायचं. मग बोर्डच्या मधल्या मुठीच्या दोन्ही बाजूंना पावलं ठेवून, आधी एक पाय, मग दुसरा, असं उठायचं. पावलं खांद्याएवढी लांब, गुडघे किंचित सैल.

मी उठले आणि खाली बघितलं. पाय थरथरत होते, बोर्ड त्या थरथरण्याने आणखी हलत होता. दादा म्हणाला, "ताई, पायांकडे बघू नकात. समोर बघा." समोर पद्मगड आणि त्याच्या मागे सिंधुदुर्गाचा तट होता. नजर वर गेली आणि पायाखालचं हलणं खरोखर थांबलं. सायकल शिकताना चाकाकडे बघितलं की पडतो, अगदी तसंच.

पडायचंही शिकवलं, मुद्दाम पाडून. बोर्डवर कोसळायचं नाही, बाजूला, बोर्डपासून लांब, हातपाय पसरून सपाट पडायचं. सूर मारायचा नाही, पाय खाली सोडून उडी मारायची नाही, कारण खाली खडक किती खोल आहेत दिसत नाही. परत चढायचं ते मधूनच. मूठ धरायची, पाय मागे पाण्यावर आणून जोरात मारायचे आणि छाती बोर्डवर ओढायची. हाताच्या ताकदीने चढायला गेलं की दमतो. नणंदेला हे तिसऱ्या खेपेला जमलं. ती वर आली, गुडघ्यांवर बसली आणि मला म्हणाली, "वदिना, लाइफ जॅकेट खरंच उचलतं गं." जिला पोहता येत नाही तिला हे पाण्यात पडल्याशिवाय कळणार नव्हतं. दादाने तिला बजावलं ते असं: जॅकेट तरंगवेल, लीश बोर्डला बांधून ठेवेल, बोर्ड तर तरंगतोच. तू फक्त बोर्ड सोडू नको.

लीश म्हणजे घोट्याला बांधायची गुंडाळीची दोरी. ती नसेल तर जाऊ नका. पडल्यावर हलका बोर्ड वाऱ्याने माणसापेक्षा फार वेगाने वाहत जातो.

दांडीहून पद्मगड सरळ बघितला तर जवळच आहे. आम्हाला मात्र खडक टाळत वळसा घालून नेलं. दादा पुढे, त्याचा साथीदार मागे कयाकमध्ये, मध्ये आम्ही तिघी आणि पुण्याचं एक जोडपं. अर्ध्या वाटेवर पाण्याचा रंग बदलला आणि तळ दिसायला लागला. वाळू, मग काळे खडक, त्यावर हलणारं शेवाळ. ज्या क्षणी मला वाटलं की मी खोल पाण्यावर उभी आहे आणि घाबरलेली नाही, तो क्षण मी आयुष्यभर विसरणार नाही. कोणी बोलत नव्हतं. वल्ह्यावरून पाणी गळायचा आवाज येत होता, बस.

बेटाजवळ पाणी उथळ झालं तसं त्याने सगळ्यांना गुडघ्यांवर बसवलं. बोर्डच्या खाली मागे फिन (माशाच्या परासारखी पट्टी) असते, ती खडकाला अडकली की बोर्ड जागीच थांबतो आणि उभा माणूस पुढे फेकला जातो. उतरताना पायात बूट हवेतच. खडकांवर कालवं चिकटलेली असतात, त्यांच्या कडा पात्यासारख्या. पुण्याच्या गृहस्थांनी चप्पल काढून ठेवली होती, त्यांचा तळवा कापला.

पद्मगड छोटा आहे. जुनी तटबंदी, वेताळाचं देऊळ, आणि समोर सिंधुदुर्ग. कुरटे बेटावरच्या त्या किल्ल्याची पायाभरणी २५ नोव्हेंबर १६६४ ची. बांधकाम १६६७ पर्यंत चाललं. मुहूर्ताची पूजा झाली तो मोरयाचा धोंडा मालवणच्या किनाऱ्यावर आहे, तो आदल्या संध्याकाळी बघितला होता. किल्ल्यावर मी पूर्वी होडीने जाऊन आलेय, दूधबाव, दहीबाव, साखरबाव या गोड्या पाण्याच्या विहिरी बघितल्यात. पण पाण्याच्या पातळीवरून, स्वतःच्या हाताने वल्हवत येऊन तो तट बघितला तेव्हा कळलं की हे दगड इथे आणायचे म्हणजे काय काम असेल.

बेटावर जेमतेम वीस मिनिटं थांबलो. कडक भाकरी आणि शेंगाची चटणी सोबत होती, ती खाल्ली. साडेआठला दादाने उठवलं, ओहोटी लागली होती, खडक वर येण्याआधी निघायचं होतं. परतताना मी दोनदा पडले, नणंद एकदाही नाही.

प्रश्न असतील तर विचारा.

हिप्परगाकाठ

ताई, लई भारी लिहिलंय. वाचताना पोटात गोळा आला आणि जावंसंही वाटलं. एक विचारतो. चारशे किलोमीटर जाण्यापेक्षा आपल्या एकरुख तलावात, म्हणजे हिप्परग्याला, किंवा उजनी धरणाच्या फुगवट्यावर हे का करू नये? हवेचा बोर्ड आता ऑनलाइन मिळतो. मी आणि दोन मित्र घ्यायचा विचार करतोय.

ओलीपावलं

बोर्ड जरूर घ्या. पण पहिला दिवस एकट्याने नको. उजनीबद्दल माझ्यापेक्षा इथल्या इतरांना जास्त माहीत असेल.

पक्षीवेडा

मी गेली बरीच वर्षं उजनीच्या काठावर रोहित (फ्लेमिंगो) बघायला जातो. तलावाचं पाणी शांत दिसतं म्हणून ते समुद्रापेक्षा सोपं, असं समजू नका. फुगवट्याखाली जुन्या गावांचे अवशेष आहेत, बुडालेल्या झाडांचे बुंधे आहेत, मच्छीमारांची जाळी पसरलेली असतात. काठाला गाळ इतका की माणूस मांडीपर्यंत रुततो. आणि वारा. २०२४ च्या मे महिन्यात कुगाव ते कळाशी जाणारी बोट अचानक सुटलेल्या वादळी वाऱ्यात उलटली आणि ६ जण गेले. आपल्या जिल्ह्याला लागलेला तो घाव आहे. इतकं रुंद पाणी असलं की वाऱ्याला अडवायला काही नसतं. उन्हाळ्यात दुपारनंतर वळवाचं आभाळ दिसलं तर पाण्याच्या जवळही जाऊ नये.

शिवाय हिवाळ्यात पक्षी उतरलेले असतात. बोर्ड त्यांच्या थव्याजवळ नेला की सगळा थवा उठतो, त्यांचं खाणं मोडतं. हिप्परग्यालाही स्थलांतरित पक्षी येतात. लांबून बघा, एवढी विनंती.

हिप्परगाकाठ

कुगावची आठवण करून दिलीत. आमच्या करमाळ्याच्या पाहुण्यांनी तो आठवडा काठावर काढला होता. बरोबर आहे तुमचं. आधी शिकतो, मग पाटबंधारे खात्याकडे परवानगीचं विचारतो, मगच बोर्डचं बघू.

सुकतीभरती

मी मालवणचा. धागा वाचून बरं वाटलं, कारण आमच्याकडे येणारे बरेच जण वारा बघून परत पाठवलं की भांडतात.

थोडी भर घालतो. भरतीची वेळ काढायला मोबाइल लागत नाही. तिथीला पाऊणने गुणायचं. पंचमी असेल तर पाच पाऊणे पावणेचार, म्हणजे पावणेचारच्या सुमाराला भरती पूर्ण. अष्टमीला सहा. दोन्ही पक्षांत प्रतिपदेपासून पुन्हा मोजायचं. हा हिशोब मुंबईच्या बाजूला जास्त जुळतो, आमच्याकडे वेळ त्याच्याही थोडी अलीकडे येते. भरतीनंतर साधारण सहा तासांनी सुकती, म्हणजे तुमची ओहोटी. अमावास्या-पौर्णिमेला उधाण, पाणी जास्त चढतं, जास्त उतरतं, त्यामुळे ओढ जास्त. अष्टमीच्या आसपास भांगाचं पाणी, चढउतार कमी, ओढही कमी. शिकाऊ माणसाने भांगाच्या दिवसांत यावं. ताई, तुम्ही कुठल्या तिथीला होता?

ओलीपावलं

नवमीला! आता कळलं दादाने आम्हाला आधीच्या आठवड्याची तारीख का नाकारली होती. तेव्हा पौर्णिमा जवळ होती का ते कॅलेंडरमध्ये बघते. (बघितलं. आधीच्या आठवड्यात अमावास्या होती.)

सुकतीभरती

मग माणूस जाणता आहे. मोठ्या सुकतीला दांडीकडून पद्मगडाच्या बाजूला वाळूचा पट्टा उघडा पडतो, लोक चालत जातात. बोर्ड नेऊन काही उपयोग नाही. आणि चालत गेलेले लोक वेळेचं भान न ठेवता अडकतात, तेही सांगून ठेवतो. पाणी पाठीमागून भरतं.

पावसाळ्यात विचारसुद्धा करू नका. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते, किल्ल्याच्या होड्याही मेच्या अखेरीपासून ऑगस्ट संपेपर्यंत बंद. नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ दिला तरी आमचे म्हातारे लगेच लहान होडी बाहेर काढत नसत.

निळंपाणी

मला एका गोष्टीबद्दल स्पष्ट बोलायचं आहे. मालवणचं सागरी अभयारण्य १९८७ साली जाहीर झालं. एकूण २९.१२ चौरस किलोमीटर, त्यातला ३.१८ चौरस किलोमीटरचा गाभा. आणि पद्मगड त्या गाभ्यात येतो. तिथल्या खडकांवर प्रवाळ आहे. धागा वाचून पन्नास लोक बोर्ड घेऊन गेले, खडकांवर उतरले, शंख-शिंपले पिशवीत भरून आणले तर काय उरेल? मला लेखिकेवर टीका करायची नाही. पण अशा जागांची जाहिरात करावी का, असा प्रश्न पडतो.

ओलीपावलं

प्रश्न योग्य आहे आणि लिहिताना मला तो पडायला हवा होता. आम्हाला निघण्यापूर्वीच सांगितलं होतं की काही उचलायचं नाही, मेलेला शिंपलाही नाही, आणि खडकांवर उतरायचं नाही. वाळूच्या एका छोट्या तुकड्यावरच उतरवलं. पण तिथे गाभा आहे हे त्याने सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. पुढच्या वेळी विचारीन. ज्यांना जायचं आहे त्यांनी बेटावर उतरायला परवानगी लागते का, ते आधी विचारावं आणि न उतरता नुसता फेरा मारून यायचा पर्याय मागावा. खरं सांगायचं तर मला जे मिळालं ते वाटेत मिळालं, बेटावर नाही.

सुकतीभरती

निळंपाणी, तुमची काळजी रास्त आहे. फक्त एक बाजू मांडतो. वेताळाच्या देवळात आमची माणसं पिढ्यानपिढ्या जातात, आणि या पाण्यावर आमच्या गाबीत समाजाची रापण (किनाऱ्यावरून ओढायच्या मोठ्या जाळ्याची मासेमारी) चालत आली आहे. आवाज-धूर न करणारा बोर्ड हा मोटारीच्या खेळांपेक्षा आम्हाला बरा वाटतो. मात्र रापणीचं जाळं पाण्यात असताना बोर्ड मधून नेऊ नका. लांबून वळसा घाला. त्या जाळ्यावर कित्येक घरांचा दिवस चालतो.

निळंपाणी

मान्य. रापणीचा मुद्दा माझ्या लक्षात आला नव्हता.

अक्कलकोटरोड

माझा अनुभव वाईट आहे, पण सांगायला हवा. जागेचं आणि चालवणाऱ्यांचं नाव लिहीत नाही. दोन वर्षांपूर्वी एका किनाऱ्यावर अर्ध्या तासासाठी बोर्ड भाड्याने घेतला. लाइफ जॅकेट दिलं, त्याचा एक पट्टा तुटलेला. लीश मागितली तर "इथे गरज नाही" म्हणाले. शिकवणं म्हणजे दोन मिनिटं. वारा जमिनीकडून होता. दहा मिनिटांत मी इतका आत गेलो की किनाऱ्यावरची माणसं ठिपक्याएवढी दिसायला लागली. उभा राहून वल्हवत होतो आणि मागेच सरकत होतो. शेवटी एका मच्छीमाराने बघितलं आणि होडीने ओढून आणलं. त्या माणसाने पैसे घेतले नाहीत. घरी आल्यावर बायकोला सांगायचं धाडस चार दिवस झालं नाही.

ताईंनी लिहिलेला "शीड" शब्द वाचला आणि इतक्या दिवसांनी कळलं की माझं नेमकं काय चुकत होतं.

ओलीपावलं

वाचून अंगावर काटा आला. दादाने आम्हाला हेच करून दाखवलं होतं, म्हणून लिहिते: वारा वाढला तर लगेच गुडघ्यांवर बसायचं. तरीही मागे सरकत असाल तर वल्हं पोटाखाली दाबून बोर्डवर पालथं झोपायचं आणि दोन्ही हातांनी पाणी कापायचं. अंग जितकं खाली, तितका वारा कमी लागतो. किनाऱ्याच्या नेमक्या त्याच जागी पोचायचा हट्ट धरायचा नाही, जिथे जमेल तिथे लागायचं. ते जमलं नाही तर वल्हं दोन्ही हातांनी डोक्यावर धरून हलवायचं, शिट्टी वाजवायची, आणि काहीही झालं तरी बोर्ड सोडून पोहत निघायचं नाही. बोर्ड लांबून दिसतो, माणसाचं डोकं दिसत नाही. मोबाइल पाणी न शिरणाऱ्या पिशवीत गळ्यात ठेवा, तटरक्षक दलाचा मदत क्रमांक १५५४ आणि ११२ दोन्ही आधीच साठवून ठेवा. आणि जॅकेट घातल्यावर कोणाला तरी खांद्याच्या पट्ट्यांना धरून वर ओढायला सांगा. ते कानांपर्यंत वर आलं तर ते तुमच्या मापाचं नाही.

ज्वारीचंकणीस

मला बायकांचे प्रश्न विचारायचे आहेत, इथेच विचारते. कपडे काय घातलेत? बदलायला जागा होती का? आणि गुडघ्यांचं काय? मी ५३ ची आहे, जमिनीवर मांडी घालून बसायलाही त्रास होतो. खर्चही सांगा.

ओलीपावलं

इथेच विचारलंत ते बरं केलंत, हे वाचणाऱ्या इतरांनाही हवं असेल.

कपडे: पूर्ण बाह्यांचा लवकर वाळणारा टी-शर्ट आणि लेगिंग. ओढणी, सैल कुर्ता, जीन्स अजिबात नको. भिजलेलं सुती कापड जड होतं आणि पाण्यात पायांत अडकतं. आम्ही तिघी सगळं अंग झाकून होतो, कोणाला काही वाटलं नाही आणि उन्हापासूनही बचाव झाला. ऊन पाण्यावरून उलटं वर येतं, त्यामुळे हनुवटीच्या खालीसुद्धा त्वचा भाजते. तिथे क्रीम लावा. टोपीला नाडी हवी, चष्म्याला दोरी हवी. बदलायची सोय किनाऱ्यालगतच्या एका घरात होती, गोड्या पाण्याच्या अंघोळीसह. आधी विचारून घ्या, सगळीकडे नसते.

गुडघे: मी डॉक्टर नाही, म्हणून माझं स्वतःचंच सांगते. मलाही गुडघ्यांवर बसणं सगळ्यात जड गेलं, उभं राहणं नाही. बोर्डवर मऊ थर असतो तरी दहा मिनिटांत कळ येते. दादाने मला पाय पसरून बसूनही वल्हवू दिलं. पूर्ण फेरी बसून केली तरी चालते. सोबतच्या पुण्याच्या बाईंनी तशीच केली आणि त्या सगळ्यात आनंदात होत्या. दुसऱ्या दिवशी दुखलं ते पायांचे तळवे आणि पोटाच्या बाजू. हात फारसे नाहीत, कारण वल्हवायचं ते कमरेतून वळून.

खर्चाचा आकडा लिहीत नाही, हंगामाप्रमाणे आणि सुट्ट्यांप्रमाणे बदलतो. पण दर विचारताना त्यात शिकवणं किती वेळ, एका माहितगारामागे किती माणसं, आणि वाऱ्यामुळे रद्द झालं तर पैसे परत की दुसरी तारीख, हे तीन प्रश्न विचाराच. आमच्या गटात पाच जणांना दोघे होते. त्याहून मोठ्या गटात मी गेले नसते.

सुकतीभरती

एक राहिलं. मुक्काम दोन रात्रींचा ठेवा. एकाच दिवसाचा बेत करून येणारा माणूस वाऱ्याशी भांडतो, आणि नेणाऱ्यावरही दडपण येतं. दोन सकाळी हाताशी असल्या तर एक तरी शांत मिळते.

हिप्परगाकाठ

आम्ही तिघं मित्र गड्ड्याची यात्रा झाली की जानेवारीच्या शेवटी जायचं म्हणतोय. तिघांनाही विहिरीत पोहता येतं. तेवढं पुरेल का?

सुकतीभरती

विहिरीतलं पोहणं चांगलंच, धीर येतो. पण विहिरीला काठ चारही बाजूंनी असतो. इथे तो एकाच बाजूला. जॅकेट काढायचं नाही, पोहता येतं म्हणून तर अजिबात नाही. जानेवारीच्या शेवटी पंचांग बघून सप्तमी ते दशमीच्या मधली सकाळ धरा. पहाटे गार असतं, सोबत कोरडे कपडे ठेवा.

ज्वारीचंकणीस

मीही येऊ का त्याच सुमाराला? घरातून परवानगी मिळवते. ओलीपावलं, तुम्ही पुन्हा जाणार आहात का?

ओलीपावलं

हो. नणंदेने परवा जलतरण तलावात बायकांच्या सकाळच्या बॅचला नाव घातलंय, आणि सासूबाई स्वतः तिला सोडायला गेल्या होत्या. ती म्हणते, आता पोहायला शिकूनच येणार. त्यामुळे आम्ही फेब्रुवारी धरतोय. तुम्ही जानेवारीत गेलात तर जायच्या आधी भेटा, मी जुळे सोलापुरात राहते. चष्म्याच्या दोऱ्या माझ्याकडे दोन आहेत, एक तुम्हाला देते.